केवळरामच्या पाठीची दोरी

१

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री आमगावात दोनच प्रकारची माणसं घरी राहतात, असं जमुनाबाई म्हणत. ज्यांचे पाय चालत नाहीत ती, आणि ज्यांना दुसऱ्याच्या घरात शिरायचं असतं ती. बाकी सारा गाव पटांगणात दंडार, म्हणजे रात्रभराचा सोंगांचा खेळ, बघायला. दिवाळी होऊन गेलेली, धान कापणीला आलेलं, थंडी नुकती लागलेली; अशा रात्री घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत सोंगं बघायची, हा झाडीपट्टीचा रिवाज. १९३६ सालच्या मंडईला जमुनाबाईही गेल्या, आणि सकाळी परत आल्या तेव्हा त्यांच्या घरातून एक मेलेला माणूस चोरीला गेला होता.

पुरता माणूस नव्हे. त्याच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तेवढा, चिनी मातीच्या बरणीत फॉर्मॅलिनच्या औषधात ठेवलेला आणि वरून लाखेने बंद केलेला. गावकरी त्याला ‘पाठीची दोरी’ म्हणत आणि बरणीचं नाव काढलं की थुंकत.

“बाई, थे बरनी नाई जी!” धुरपताबाई आतल्या खोलीच्या दारातच उभी राहून ओरडली. ती जमुनाबाईंचं घर वीस वर्षं सांभाळत होती, पण त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. “आधीच सांगतो, मीनं तिकडं पायलंबी नाई. मुडद्याची चीज घरात ठेवा म्हनून कोन सांगलं होतं तुमाले?”

जमुनाबाईंनी कपाट पाहिलं. कुलूप नव्हतंच, नुसती कडी. खालच्या फळीवर बरणीचा गोल डाग होता. वरच्या फळीवर काचपट्ट्यांची पेटी जशीच्या तशी होती. त्याच दोरीचे म्हणून कागदाहून पातळ काप त्या पट्ट्यांवर बसवले होते, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. जमुनाबाईंनी पेटी उघडली. एकही पट्टी कमी नव्हती.

त्या अंगणात आल्या आणि थबकल्या. मंडईला पाहुणे येतात म्हणून धुरपताबाईने आदल्या संध्याकाळीच अंगण शेणाने गच्च सारवलं होतं. त्या ओल्या सारवणात फाटकापासून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून फाटकापर्यंत अनवाणी पावलं उठली होती. पावलं फाकलेली, डावं एकीकडे, उजवं दुसरीकडे. टाचा खोल रुतलेल्या, बोटं जेमतेम टेकलेली. आणि प्रत्येक पावलाशेजारी काठीचं भोक.

“काठी!” मागून भारदस्त आवाज आला. शेजारचे मालगुजार, गावाचे जमीनदार शालीकराम धुरपताबाईची बोंब ऐकून धावून आले होते, कोतवालाला घेऊनच. “लंगडा मानूस आला होता, बाई. आता याले का कोनी साक्षीदार लागते? कोतवाल, जा. सुकरामले उचलून आन.”

२

आता ही बरणी आमगावात आली कशी, ते सांगायला हवं.

जमुनाबाई कलकत्त्याला डॉक्टरी शिकल्या, बायकांच्या इस्पितळात हयात घालवली आणि पन्नाशी उलटल्यावर माहेरगावी येऊन राहिल्या. हात कापू लागले तेव्हा त्यांनी शस्त्र खाली ठेवलं आणि लाल पेन्सिल उचलली. एम.डी. करणारी पोरं प्रबंधाची बाडं बगलेत मारून आमगावच्या स्टेशनावर उतरत, पंधरा-पंधरा दिवस बाईंच्या पडवीत मुक्काम ठोकत, धुरपताबाईच्या हातचं खात आणि बाईंच्या शिव्याही खात. बाईंचा प्रश्न एकच असे. “हे तू पाहिलंस, की वाचलंस?” या एका प्रश्नाने भल्याभल्यांची दहा-वीस पानं गळून पडत. उरे ते छापण्याजोगं असे. कलकत्त्याच्या वैद्यकीय मासिकाचा संपादक बाईंच्या वर्गातला. बाईंची शिफारस असली की तो लेख डोळे मिटून छापी. म्हणून बाई शिफारस वर्षातून एकाच लेखाची करत, आणि ती डोळे उघडे ठेवून.

त्या वर्षी पडवीत दोघं होते. एक घनश्याम, गोंदियाच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, गोरा, हुशार, बोलण्यात साखर. दुसरा केशोराव, आमगावजवळच्याच खेड्यातला, काळासावळा, तोंडाने फटकळ. दोघांचा विषय एकच होता: या मुलखातली धट्टीकट्टी माणसं ऐन तिशीत पायांनी का जातात? घनश्यामचं म्हणणं, लाखोरीने. केशोरावाचं म्हणणं, नुसत्या लाखोरीने नाही, उपासमारीने.

लाखोरी म्हणजे इथली फुकटची डाळ. धान उभं असतानाच बांध्यांत, म्हणजे शेताच्या वाफ्यांत, फेकायची, ना नांगर ना पाणी, तरी पीक येतं. फुकट येते म्हणून मालगुजार सालदारांना मजुरीत तीच मापून देतात, आणि वाईट साली सालदाराच्या घरी सकाळ-संध्याकाळ तीच शिजते. शालीकरामकडचा केवळराम असाच पायांनी गेला आणि मागच्या चैत्रात तापाने मेला. त्याचा भाऊ सुकराम, तोही काठीवर आलेला. त्याला विचारून घनश्यामने केवळरामच्या पाठीतली दोरी काढून घेतली होती. दोरीवर रोगाची खूण दाखवता आली तर लाखोरीचा गुन्हा कागदावर सिद्ध होणार होता. तसं छापून आलं असतं तर सरकारने मालगुजारांना जाब विचारला असता, आणि शालीकरामला तेच नको होतं.

घनश्यामच्या काचपट्ट्या पाहून जमुनाबाई हरखल्या होत्या. संपादकाला पत्रही लिहून ठेवलं होतं, फक्त पाकीट बंद करायचं राहिलं होतं. तरी म्हातारीची खोड जाते कुठे? मंडईच्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, “काचा छान आहेत. पण उद्या सकाळी बरणी फोडू. नवे काप कलकत्त्याला दुसऱ्याच माणसाकडून करून घेऊ. संपादक विचारणारच.” संध्याकाळी मंडईला निघण्याआधी त्यांनी घनश्यामच्या प्रबंधाचा शेवटचा भाग वाचला आणि रोग्यांच्या चालीचं वर्णन होतं त्या वाक्याभोवती मोठं लाल वर्तुळ काढलं. सकाळी बोलू, म्हणून कागद उशीखाली ठेवला.

त्याच दुपारी सुकराम फाटकाशी येऊन गेला होता. आत आला नाही, कुंपणाला धरून बाहेरूनच मोठ्याने म्हणाला, “बरनी उघडाल त मले बोलवा जी. मी नसन त उघडाची नाई.” हे साऱ्या गल्लीने ऐकलं, आणि शालीकरामने जरा जास्तच कान देऊन ऐकलं.

३

सुकराम मालगुजाराच्या ओसरीवर बसला होता. त्याची काठी पुरावा म्हणून कोतवालाने काढून घेतली होती. काठीवाचून त्याला उठताही येत नव्हतं. पायरीखाली त्याची बायको रुख्मा पदर तोंडात धरून उभी होती.

“सांजेले गाडी जुंपतो,” शालीकराम म्हणाले. “ठान्यात देतो. मंग फौजदार पाहून घेईन.”

“सांजेपर्यंत वेळ आहे ना?” जमुनाबाई म्हणाल्या. “मग मला विचारू द्या.”

त्या ओसरीवरच सुकरामसमोर मांडी घालून बसल्या. मालगुजाराला ते रुचलं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं सोडवली होती.

“सुकराम, काल तू असं का म्हणालास?”

“काऊन म्हनीन? भाऊ मेला तवा जातवाले म्हनत, मानूस पुरा जाळा लागते, अर्धा ठेवाचा नाई. मी म्हनलो, ठेवू द्या. डाक्टर म्हने का यातून समजन पाय कायनं जाते. माये पोरं हायेत बाई. तेयचे पाय रायले पायजे का नाई?” सुकरामने एका हाताने गुडघा दाबून धरला, तो आपोआप थरथरत होता. “मीनंच देल्ली चीज मी कायले चोरू?”

“मग बरणी उघडताना हजर राहायचं होतं ते कशाला?”

“भाऊ होता माया. तेले उघडून रायले आनि घरचं कोनी नाई, हे बरं दिसते का?”

जमुनाबाईंनी रीतीप्रमाणे त्याचे पाय तपासले. अंगठ्याचं नख घासून अर्धं झालं होतं. बोटांखालची कातडी जोड्याच्या तळासारखी जाड. त्यांनी पाऊल उचलून टाच पाहिली आणि पुन्हा पाहिली. आमगावात शेतकऱ्याची टाच म्हणजे उन्हाळ्यातलं तळं, भेगाच भेगा. सुकरामची टाच लहान लेकराच्या टाचेसारखी मऊ होती.

“काल रात्री कुठे होतास?”

“घरी. मी कुठी जातो मंडईत? रुख्मा गेली होती. मी एकटाच होतो.”

“म्हंजे कोनी पायलं नाई,” शालीकराम समाधानाने म्हणाले.

जमुनाबाई उठल्या. घरी जाऊन त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर अंगणातल्या सगळ्यात ठसठशीत पावलावर टोपली पालथी घातली आणि धुरपताबाईला बजावलं, “याला हात लावलास तर तुला मंडईची चोळी मिळायची नाही.”

४

मग बाईंनी जी चौकशी सुरू केली ती पाहून गावाला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. कुठे होतास, काय करत होतास, हे काही नाही. ज्याला त्याला एकच मागणं: “सुकराम कसा चालतो, ते चालून दाखव.”

धुरपताबाईने आधी कपाळाला हात लावला. “लंगड्याची नक्कल करू? पाप लागते, बाई.” पण पदर खोचून ती टवके उडालेल्या फरशीवर चवड्यांवर उभी राहिली, गुडघे एकमेकांवर घासत, एक पाय दुसऱ्याच्या पुढ्यात टाकत चार पावलं चालली आणि भिंतीला धरून बसली. “अशी. पोटऱ्या भरून येते, बाप्पा. थो कसा चालत असन दिवसभर?”

“बरणी तू फेकली नाहीस ना?”

“फेकाची असती त मी बोडीत फेकली असती आनि तुमाले सांगून फेकली असती. मले कोनाचं भेव हाये का?”

हे खरं होतं. धुरपताबाईने लपून केलेली एकही गोष्ट जमुनाबाईंना आठवत नव्हती.

शालीकरामकडे हे मागणं करायला धैर्य लागतं, पण बाईंना धैर्याची वाण नव्हती. मालगुजार आधी चिडले, मग हसले. ओसरीवर कुणी नाही असं बघून धोतर वर घेतलं, चवड्यांवर चढले, भलं मोठं पोट सावरत तिरपी पावलं टाकली. “केवळराम वीस साल माया डोळ्यासमोर चालला, बाई. मले का माहीत नाई?”

“मग त्या वीस वर्षांत एकदाही त्याला लाखोरीऐवजी तांदूळ द्यावासा वाटला नाही?”

“रिवाज हाये,” मालगुजार म्हणाले आणि धोतर खाली सोडलं. “तुमी छापलं म्हनून रिवाज नाई बदलत. मले थे बरनी नको होती, हे खरं. पन माया घरी चोऱ्या कराले मानसं हायेत, मी सोता कायले येऊ? आनि माया मानूस आला असता त दोन्ही फळ्या साफ करून गेला असता.”

बाईंनी ती दोन्ही फळ्यांची गोष्ट मनात ठेवली.

केशोराव पडवीत खाटेवर पडला होता. डोकं दुखतं म्हणून तो मंडईतून अर्ध्यातच परत आला होता. हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि न विचारता सांगितलं म्हणून बाईंचा संशय दुणावला. घनश्यामची शिफारस झाली असती तर केशोरावाचं वर्ष फुकट जाणार होतं. प्रबंधाचा पहिला खर्डा वाचायला मिळालेली माणसं तीन: लिहिणारा घनश्याम, तपासणाऱ्या बाई आणि शेजारच्या खाटेवरचा केशोराव.

“तू परत आलास तेव्हा काय पाहिलंस?”

“काही नाही. झोपलो.”

“खोटं.”

केशोराव उठून बसला. “ठीक आहे. कपाट उघडलं मी. बरणी नव्हती. मला वाटलं तुम्हीच हलवली असेल. काचपट्ट्या काढून कंदिलाखाली धरल्या. सूक्ष्मदर्शक लावला. दोन तास पाहत होतो. फार सुंदर आहेत, बाई. चैत्रातल्या उन्हात, कुडाच्या घरात काढलेली दोरी, आणि काप असे? माझ्या हातून कॉलेजातसुद्धा असे झाले नाहीत. जीव जळला माझा.”

“जळला म्हणून बरणी फेकलीस?”

“बरणी कशाला फेकू?” केशोराव उसळला. “त्याचं वाटोळंच करायचं असतं तर काचा फोडल्या असत्या. संपादक काचा बघतो. बरणी कोण बघतं?”

जमुनाबाई म्हणाल्या, “चालून दाखव.”

त्याने तोंड वाकडं केलं, पण दाखवलं. चवड्यांवर, गुडघे घासत, अगदी हुबेहूब. दाखवताना त्याचे कान लाल झाले. “लहानपणी आम्ही पोरं केवळरामच्या मागे असंच चालायचो. आईने बघितलं तेव्हा चुलीतलं लाकूड घेऊन मागे लागली होती.”

आता एकच माणूस राहिला होता. घनश्याम सकाळपासून डोळे सुजवून बसला होता. दंडार बघत रात्रभर पटांगणात होतो, म्हणत होता. त्या गर्दीत कोण कुणाला पाहतं? दोन वेळा त्याने बाईंचे पाय धरले होते. “बाई, माझी दो साल की मेहनत गेली. पण तुम्ही काचांवरच शिफारस करा ना. काचा आहेत ना आपल्याकडे!”

जमुनाबाईंना हा पोरगा मनापासून आवडत होता. त्याला चालायला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. ऊन उतरेपर्यंत त्या उशीखालचा कागद हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

५

दिवेलागणीला मालगुजाराच्या दारात गाडी जुंपलेली होती. कोतवालाने सुकरामला दोन्ही काखांत धरून उठवलं. रुख्मा एकदम मोठ्याने रडू लागली.

“थांबा,” जमुनाबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे दोन्ही डॉक्टर आणि धुरपताबाई होती. “घनश्याम, एक काम कर. सुकराम कसा चालतो ते या सगळ्यांना चालून दाखव.”

“आता?”

“आत्ता. कोतवालाकडची सुकरामची काठी घे.”

घनश्यामने इकडेतिकडे पाहिलं. काठी हातात घेतली. मग पाय फाकवले, एक पाय उंच उचलला आणि धप्पकन टाच आपटली. दुसरा उचलला, टाच आपटली. मग धुरपताबाई फिस्सकन हसली.

“हे कोनाची चाल होय जी? दारूड्याची का?”

घनश्यामने काठी खाली ठेवली.

“माझ्या अंगणात या,” जमुनाबाई म्हणाल्या, “टोपलीखाली पाऊल झाकून ठेवलं आहे. खोल टाच, फाकलेले पाय. अगदी अशीच चाल. सुकरामची टाच कैक वर्षांत जमिनीला टेकलेली नाही, लोण्यासारखी मऊ आहे. हात लावून बघा. तो चवड्यांवर चालतो, पाय एकमेकांत अडकवत. म्हणजे चोर लंगडा नव्हता, लंगड्याचं सोंग करत होता. पण मालगुजारसाहेब, सोंग आणायचं तर या गावात ते कुणाला येत नाही? तुम्हाला येतं, धुरपताला येतं, केशोरावला येतं. तुमच्यापैकी कुणी आलं असतं तर अंगणात चवडे उठले असते. टाचा आपटल्या त्या माणसाने, ज्याने हा रोगी चालताना कधी पाहिलाच नाही.”

त्यांनी हातातला कागद उघडला.

“टाचा आपटत, पाय फाकवून चालतात ते दुसऱ्या रोगाचे लोक. कलकत्त्याच्या इस्पितळात ते दिसतात, पुस्तकात त्यांचं वर्णन असतं. तेच वर्णन या प्रबंधात लाखोरीच्या रोग्यांना चिकटवलेलं आहे. काल संध्याकाळी मी त्याला लाल वर्तुळ घातलं, पण बोलायचं राहून गेलं. बोलले असते तर आज अंगणात चवडे उठले असते आणि सुकराम ठाण्यात गेला असता.” त्यांचा आवाज चढला. “तू रोगी कसे तपासलेस रे? गाडीतून गोंदियाला आणवून, खाटेवर निजवून, गुडघ्यावर हातोडी मारून? एकालाही उभं राहा म्हटलं नाहीस?”

“पण बाई,” केशोराव गोंधळला, “तो स्वतःचीच बरणी कशाला चोरेल?”

“तूच सांगितलंस की. ज्याला प्रबंध बुडवायचा तो काचा फोडतो. मालगुजाराचा माणूस दोन्ही नेतो. काचा ठेवून बरणीच नेणारा एकच: काचा खऱ्या मानल्या जाव्यात आणि बरणी कधीच उघडू नये, असं ज्याला वाटतं तो. सांग घनश्याम, काचांवर केवळराम आहे का?”

घनश्याम पायरीवर बसला.

“फॉर्मॅलिन कमी होतं, बाई. बरणीत जवळजवळ नुसतं पाणीच भरलं. कॉलेजात पोचेपर्यंत आत नुसता लगदा झाला होता. गाईडला काय सांगू? कॉलेजात जुन्या काचपट्ट्या पडून होत्या, दुसऱ्याच कुणाच्या. त्या लावल्या. तुम्ही बरणी फोडणार म्हणालात आणि... गलती झाली.”

“आणि नाव सुकरामचं?”

“तो फाटकाशी येऊन बोलून गेला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं.”

बरणी धुरपताबाई म्हणाली होती तिथेच निघाली, घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, काठावरच्या शेवाळात. भित्र्याला खोल पाण्यातही जाता आलं नव्हतं.

६

बरणी ओसरीवर आणली, सुकरामला पुन्हा तिथेच टेकवलं आणि जमुनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग त्यांनी लाख फोडली. वास सुटला तशी माणसं नाकाला पदर आणि उपरणं लावून मागे सरली. आत गढूळ पाण्यात राखाडी गाळ होता, दुसरं काही नव्हतं.

शालीकराम आधी हसले आणि मग हसतच राहिले. “म्हंजे लाखोरीचं सारंच खोटं! चला, बरं झालं. मी त आधीच म्हनत होतो, तेच्यानं काई होत नाई. आता सरकारले सांगतो, डाक्टरानंच कबूल केलं म्हनून.”

जमुनाबाईंच्या अंगाचा भडका उडाला, पण त्या मालगुजारावर गेल्या नाहीत. त्या घनश्यामकडे वळल्या. “ऐकलंस? तुझा निष्कर्ष खरा असेलही. मला तर वाटतं खराच आहे. पण तू तो खोट्या काचेवर उभा केलास, आणि आता दहा वर्षं कुणी लाखोरीचं नाव काढलं की हे गृहस्थ तुझं नाव काढतील. एका माणसाचा रोग सिद्ध करायला निघालास आणि शंभर माणसांचे पाय यांच्या हातात देऊन बसलास. तुझ्या गाईडला मी आज लिहिते. माझी शिफारस यंदा कुणालाच नाही.” केशोराव काही बोलणार होता, त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं. “तुलाही नाही. तू रात्री दोन तास त्या काचा बघितल्यास, शंका आली, आणि जीव जळतो म्हणून मी विचारेपर्यंत तोंड मिटून बसलास. त्यापायी सुकराम दिवसभर इथे बसला.”

कोतवालाने काठी परत केली. सुकराम उठला नाही. तो बरणीत बघत होता.

“यात काईच नाई राह्यलं, बाई?”

“नाही, सुकराम.”

“पायाले कायनं होते थे यातून नाई समजत?”

“नाही समजत.” हे सांगताना जमुनाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. घनश्यामने पुढे होऊन सुकरामच्या पावलांना हात लावला. “माफ कर दादा,” तो म्हणाला. सुकरामने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते.

“माफीचं मी का करू?” तो म्हणाला. “जातवाल्यानं गावात बोलनं बंद केलं होतं माया संग, तरी देल्लो मी. का म्हनलो, पोरायचे पाय वाचतीन.” मग बाईंकडे वळून, बाजारातल्या गोष्टी ठरवाव्या तसं म्हणाला, “आता असं करा बाई. मी मरीन तवा माई दोरी घ्या. रुख्माले सांगून ठेवतो. पन या खेपेले दवाई पुरी टाका.”

“तेव्हा मी असेन का रे?” जमुनाबाई म्हणाल्या. “माझी सत्तरी आली.”

सुकरामने पायाशी बसलेल्या घनश्यामकडे पाहिलं.

“मंग याले शिकवून ठेवा,” तो म्हणाला.